आत्ता नेमकं कुठलं साल चालू आहे? शक, संवत, सन, हिजरी वगैरेंबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सारखे येतात म्हणून एकाच ठिकाणी टाकलेत. उदाहरणाला बहुतेक वेळा २०२५ धरलंय, म्हणजे कुणालाही पडताळून बघता येईल. क्रमाने वाचायची गरज नाही, तुमचा प्रश्न असेल तिथे डायरेक्ट जा.

एकाच दिवशी जगात किती वेगवेगळी सालं चालू असतात?

डझनभर तरी सहज. १५ जून २०२५ हा एक साधा रविवार घ्या. त्या दिवशी शके १९४७ होतं आणि त्याचं नाव विश्वावसु, विक्रम संवत उत्तरेत २०८२ आणि गुजरातेत २०८१, नेपाळमध्ये सरकारी कागदावर २०८२, बंगाली सन १४३२, केरळचं कोल्लम वर्ष १२००, वीर निर्वाण संवत २५५१, हिजरी १४४६, इराणमध्ये १४०४, ज्यू लोकांचं ५७८५, इथिओपियात २०१७, इजिप्तच्या कॉप्टिक चर्चचं १७४१, थायलंडमध्ये २५६८, श्रीलंकेच्या बौद्ध गणनेत २५६९, जपानमध्ये रेइवा ७, तैवानमध्ये ११४, पारशांचं यज्दगर्दी १३९४, आणि कलियुगाची ५१२६ वर्षं होऊन गेलेली.

खरी मजा पुढे आहे. हे सगळे आकडे एकाच दिवशी बदलत नाहीत. जूनच्या शेवटी हिजरी १४४७ लागलं, ऑगस्टच्या मध्यात पारशांचं १३९५ आणि कोल्लम १२०१, ११ सप्टेंबरला इथिओपियाचं २०१८, २२ सप्टेंबरच्या संध्याकाळी ज्यूंचं ५७८६ आणि २२ ऑक्टोबरला गुजरातेत विक्रम २०८२. म्हणजे "२०२५ म्हणजे हिजरी किती?" हा प्रश्नच अर्धवट आहे, कारण २०२५ मध्ये हिजरीची दोन सालं येतात. महिना सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही आणि कोणी दिलंच तर ते निम्म्या वर्षापुरतं बरोबर असतं.

पण हे आकडे इतके वेगळे का? वर्ष तर एकच आहे ना?

नाही, इथेच गोची आहे. वर्ष एकच नाहीये. पहिली गोष्ट, मोजायला सुरुवात कुठून केली: कुणी राज्याभिषेकापासून, कुणी धर्मसंस्थापकाच्या जन्मापासून किंवा निर्वाणापासून, कुणी स्थलांतरापासून, कुणी थेट जगाच्या उत्पत्तीपासून. दुसरी, वर्ष कधी बदलतं: जानेवारी, चैत्र, कार्तिक, मोहरम, सप्टेंबर, काहीही असू शकतं. तिसरी, वर्ष किती लांब आहे: ३६५ दिवसांचं, ३५४ दिवसांचं, की कधी ३५४ तर कधी अधिक महिना आला की ३८४ च्या आसपास. चौथी गोष्ट लोक विसरतातच, ती म्हणजे आकडा चालू वर्षाचा आहे की होऊन गेलेल्या वर्षांचा. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

सुरुवातीची बहुतेक सालं त्या घटनेच्या वर्षापासून वापरात नव्हतीच हेही लक्षात घ्या. इसवी सनाची कल्पना डायोनिसियस एक्झिगस या साधूने ५२५ च्या सुमारास मांडली, म्हणजे इसवी सन १ मध्ये राहणाऱ्या कुणालाही आपण सन १ मध्ये आहोत याचा पत्ता नव्हता. हिजरीचंही तसंच, प्रेषितांच्या मदिनेला जाण्यापासून वर्षं मोजायचं हे खलिफा उमर यांच्या काळात ठरलं, स्थलांतरानंतर साधारण सोळा-सतरा वर्षांनी. त्याआधी अरबस्तानात वर्षाला आकडा नसायचा, घटनेचं नाव असायचं, जसं की हत्तीचं वर्ष. रोमन लोकही त्या वर्षी जे दोन कॉन्सल (सर्वोच्च अधिकारी) असतील त्यांच्या नावानेच वर्ष ओळखायचे, त्यामुळे जुना हिशोब लावायचा तर कॉन्सलांची अख्खी यादी जवळ ठेवावी लागायची.

इसवी सनावरून शके काढताना ७८ वजा करायचे की ७९?

चैत्र शुद्ध प्रतिपदा ते ३१ डिसेंबर असेल तर ७८, आणि १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत असेल तर ७९. बस एवढंच आहे, पण चुका सगळ्यात जास्त इथेच होतात, खासकरून जानेवारी-फेब्रुवारीतल्या घटनांच्या बाबतीत.

पानिपतची तिसरी लढाई बघा, १४ जानेवारी १७६१. घाईत ७८ वजा केले की १६८३ येतं, पण मराठी कागदांत शके १६८२ आहे, पौष शुद्ध अष्टमी, विक्रमनाम संवत्सर. जानेवारी आहे म्हणून ७९. आणि हो, इथलं "विक्रम" म्हणजे विक्रम संवत नव्हे, साठ संवत्सरांमधल्या चौदाव्या संवत्सराचं ते नाव आहे. या दोन्हींची सरमिसळ करून ५७ चा हिशोब लावत बसलेले लोक दर काही दिवसांनी भेटतात.

कॅलेंडरवर दोन वेगवेगळे शक दिसतात, त्यातलं खरं कोणतं?

दोन्ही खरे. एक पंचांगातलं शालिवाहन शक, ते तिथीवर चालतं. दुसरं भारत सरकारचं राष्ट्रीय कॅलेंडर, ते पूर्ण सौर आहे. शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये कॅलेंडर सुधारणेची समिती नेमली गेली, तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ ला १ चैत्र १८७९ धरून हे सुरू झालं. यात १ चैत्र नेहमी २२ मार्चला येतो, लीप वर्षी २१ मार्चला. अधिक महिना नाही, क्षय तिथी नाही, सगळं फिक्स. आकडा मात्र शकाचाच ठेवलाय.

त्यामुळे दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस दोघांचं जमत नाही. २०२५ मध्ये राष्ट्रीय शक १९४७ हे २२ मार्चला लागलं आणि पंचांगातलं ३० मार्चला, मधले आठ दिवस सरकारी शक एकने पुढे. २०२६ मध्ये उलटं, पंचांगातलं १९४८ हे १९ मार्चला लागतं आणि सरकारी २२ मार्चला, म्हणजे तीन दिवस सरकार मागे. राजपत्रावर आणि सरकारी पत्रांवर दिसतं ते राष्ट्रीय शक, त्यावरून तिथी काढायला जाऊ नका, तिथला १० चैत्र म्हणजे चैत्र शुद्ध दशमी नव्हे.

माझं मत विचाराल तर हे कॅलेंडर डोकं लावून बनवलंय, फक्त रोजच्या वापरात कुणी आणलंच नाही.

विक्रम संवत उत्तरेत एक आणि गुजरातेत एक, असं कसं?

आकडा एकच चालतो, फक्त बदलायचा दिवस वेगळा. उत्तरेत चैत्रात बदलतं, गुजरातेत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला. त्यामुळे चैत्र ते आश्विन सात महिने दोन्हीत एकचा फरक आणि कार्तिक ते फाल्गुन पाच महिने दोन्ही सारखे. इसवी सनात ५७ मिळवायचे की ५६ हे त्यावरच ठरतं. शिवाय कच्छ आणि हालार भागात आषाढात बदलणारंही विक्रम संवत होतं. जुना दस्तऐवज वाचताना तो कुठल्या गावी लिहिला गेला हे आधी बघा, संवताचा आकडा नंतर.

"गत वर्ष" आणि "वर्तमान वर्ष" ही काय भानगड आहे?

बाळ पहिल्या वाढदिवसाला एक वर्षाचं झालं म्हणतो तेव्हा त्याचं दुसरं वर्ष सुरू झालेलं असतं. शकाचं तसंच. शके १९४७ म्हणजे १९४७ वर्षं होऊन गेली आणि १९४८ वं चालू आहे. इसवी सन मात्र चालू वर्ष सांगतो. जुन्या शिलालेखांत कधी गत आकडा असतो, कधी वर्तमान, आणि कुठला ते प्रत्येक वेळी लिहिलेलं असेलच असं नाही. मग अभ्यासक तिथी आणि वार जुळवून बघतात, दोन्हीपैकी कुठल्या वर्षी त्या तिथीला तो वार येतो ते तपासतात.

याचं एकदम क्लीन उदाहरण आर्यभटाचं. तो स्वतःच सांगतो की साठ गुणिले साठ, म्हणजे ३६०० वर्षं कलियुगाची होऊन गेली तेव्हा माझ्या जन्माला तेवीस वर्षं झाली होती. कलियुगाची सुरुवात इसवीसनपूर्व ३१०२ ची धरतात. गत ३६०० म्हणजे इसवी सन ४९९. त्यातून २३ गेले, जन्म ४७६. "होऊन गेली" हे त्याने स्पष्ट लिहिलं म्हणून बरं, नाहीतर एका वर्षाचा वाद आजपर्यंत चालला असता. शकावरून कलीची गत वर्षं हवी असतील तर ३१७९ मिळवा.

संवत्सराचं नाव कसं काढायचं? प्रभव, विभव वगैरे?

आपल्याकडे सोपं आहे. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो नंबर. १९४७ अधिक १२ म्हणजे १९५९, साठाने भागल्यावर बाकी ३९, यादीत एकोणचाळिसावं विश्वावसु. पुढचं १९४८ चं पराभव. बाकी शून्य आली तर साठावं, क्षय. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शके १५९६ चा: १६०८ भागिले ६०, बाकी ४८, आनंदनाम संवत्सर. कागदात तेच लिहिलेलं आहे.

साठच का, तर गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण १२ वर्षं लागतात (नेमकं ११.८६), अशा पाच फेऱ्या म्हणजे साठ. पण ती ०.१४ ची तूट कुठेतरी निघायलाच हवी. गुरू एका राशीत सरासरी ३६१ दिवसच असतो, वर्षापेक्षा चार दिवस कमी, म्हणून गुरूची गती काटेकोर पाळायची तर साधारण ८५ वर्षांतून एकदा एक नाव गाळावं लागतं. उत्तरेत ते गाळतात. दक्षिणेत आणि आपल्याकडे हजारेक वर्षांपूर्वी गाळणं सोडून दिलं आणि एका वर्षाला एक नाव असा सरळ क्रम ठेवला. परिणाम असा की आज उत्तरेचं संवत्सर आपल्यापेक्षा तेराएक नावं पुढे आहे. त्यामुळे कुठल्या हिंदी पंचांगात भलतंच नाव दिसलं तर ते चुकीचं समजू नका.

नावांची सिस्टीम वाचायला छान आहे, पण तिचा प्रॉब्लेम उघड आहे, नुसतं "आनंद संवत्सर" म्हटलं तर ते १६७४ चं की १७३४ चं की १७९४ चं हे कळत नाही. म्हणूनच आपल्या जुन्या कागदांत शकाचा आकडा आणि संवत्सराचं नाव दोन्ही देतात. एखादा आकडा पुसट झाला किंवा नक्कल उतरवणाऱ्याने चुकवला तरी दुसऱ्यावरून पकडता येतो.

चिनी लोकांचंही साठाचंच चक्र आहे ना? ड्रॅगनचं वर्ष, सापाचं वर्ष?

हो, पण ते गुरूच्या पाच फेऱ्यांसारखं नाही बनत. त्यांच्याकडे दहा "खोडं" आणि बारा "फांद्या" अशा दोन याद्या आहेत, दोन्ही एकेक पुढे सरकतात, साठ वर्षांनी परत पहिली जोडी येते. बारा प्राणी म्हणजे बारा फांद्या. २०२४ ड्रॅगन, २०२५ साप, २०२६ घोडा. लक्षात ठेवा की हे वर्ष जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत बदलतं, जानेवारीत जन्मलेल्यांनी आपला प्राणी परत एकदा तपासावा.

हिजरी आणि इसवी सनातला फरक किती?

फिक्स नाहीच, दरवर्षी बदलतो. सुरुवातीला ६२१-६२२ होता, आज ५७८-५७९ आहे आणि कमी कमी होत चाललाय, कारण हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. सूर्याची ३२ वर्षं होतात तेव्हा चंद्राची ३३ झालेली असतात. अंदाज हवा असेल तर हिजरीला ३३ ने भागा, आलेलं उत्तर त्याच हिजरीतून वजा करा, ६२२ मिळवा. १४४६ ला ३३ ने भागलं की ४३.८, वजा करून १४०२.२, अधिक ६२२ म्हणजे २०२४.२. एखाद्या वर्षाचा फरक येऊ शकतो, पण शतक तरी चुकत नाही.

या घसरणीमुळे अधूनमधून एकाच इसवी वर्षात हिजरीची दोन नवीन वर्षं येतात. २००८ मध्ये असं झालं, १४२९ जानेवारीत लागलं आणि १४३० डिसेंबरच्या शेवटी. २०३० मध्ये रमजान दोनदा सुरू होणार आहे, एकदा जानेवारीत आणि एकदा डिसेंबरच्या शेवटी. दोन्ही आकडे असेच चालत राहिले तर २०८७४ साली हिजरी आणि इसवी एकच होतील.

इराणही हिजरीच म्हणतो, मग त्यांचं १४०४ आणि बाकीच्यांचं १४४६ कसं?

सुरुवात एकच, ६२२ सालचं स्थलांतर. पण इराण सूर्याची वर्षं मोजतो, वसंत संपाताला (मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा) नवीन वर्ष. चौदाशे वर्षांत चंद्राची बेचाळीसेक वर्षं जास्त झाली, तोच हा फरक.

जुन्या मराठी पत्रात "इहिदे सितैन मया व अलफ" असं लिहिलंय, हे साल आहे का?

हो, हे शुहूर सनाचं साल आहे, आणि मला विचाराल तर या सगळ्या यादीतली सगळ्यात इंटरेस्टिंग भानगड हीच. आकडा अरबी शब्दांत लिहायची पद्धत होती, तोही एककापासून उलटा. इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११६१. मृग लागतो तेव्हा हे वर्ष बदलतं म्हणून मृगसाल असंही म्हणतात. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हे पत्र १७६० चा मृग ते १७६१ चा मृग या काळातलं, पानिपतच्याच वर्षातलं.

आता बघा, पानिपतच्या दिवशी हिजरी सन ११७४ चालू होतं, आणि शुहूर ११६१. तेराचा फरक. कुठून आला? शुहूर सन म्हणजे १३४४ च्या सुमाराला हिजरीचा जो आकडा होता, ७४५, तोच उचलून तिथून पुढे सौर वर्षांनी मोजायला घेतलेला सन. शेतसारा पिकावर असतो आणि पीक सूर्यावर, चंद्राच्या वर्षाने वसुली करायला गेलं तर तारीख दरवर्षी अकरा दिवस अलीकडे सरकते आणि काही वर्षांनी पीक उभं असतानाच वसुलीवाला दारात. म्हणून हा जुगाड. १३४४ पासून १७६१ पर्यंत ४१७ वर्षं, तेवढ्यात चंद्राची तेरा वर्षं जास्त झाली. हिशोब बरोबर बसतो.

उत्तरेतला फसली सनही याच डोक्याने निघाला, अकबराच्या काळात. त्याच्या राज्यारोहणाच्या वर्षी, १५५६ ला, हिजरी ९६३ होतं, तो आकडा धरून पुढे सौर मोजणी, म्हणून इसवी सनाशी फरक ५९२-५९३ चा. बंगाली सनाचा फरकही जवळपास तेवढाच आहे, आणि तोही असाच निघाला असं बरेच अभ्यासक मानतात.

पानिपतच्या त्या एका दिवसाला पाच सालं लागतात: इसवी १७६१, शके १६८२, शुहूर ११६१, हिजरी ११७४ आणि शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून मोजलेला राज्याभिषेक शक ८७. पेशवाईतली पत्रं वाचायची असतील तर किमान शके आणि शुहूर तरी पाठ करा, दुसरा इलाज नाही.

माझ्या फोनवर अचानक साल २५६८ दिसायला लागलं, व्हायरस आहे का?

नाही हो. सेटिंगमध्ये कॅलेंडरचा प्रकार "बौद्ध" झालाय, परत ग्रेगोरियन (म्हणजे आपलं नेहमीचं इंग्रजी कॅलेंडर) करा. थायलंडमध्ये हाच अधिकृत आकडा आहे, इसवी सनात ५४३ मिळवलेला. साल नुसतंच ७ दिसत असेल तर जपानी सिलेक्ट झालंय.

श्रीलंकेत फरक ५४४ चा येतो, कारण तिथे निर्वाणाचं वर्षच पहिलं धरतात आणि थाई लोक ते उलटल्यावर एक म्हणतात. त्यामुळे २५०० वर्षांचा बुद्धजयंती सोहळा भारत आणि श्रीलंकेत १९५६ ला झाला आणि थायलंडमध्ये १९५७ ला.

थाई सालाबद्दल अजून एक. १९४० पर्यंत तिथे वर्ष १ एप्रिलला बदलायचं. मग ते १ जानेवारीवर आणलं, त्यासाठी २४८३ हे वर्ष नऊ महिन्यांतच संपवलं. १९४१ च्या आधीच्या जानेवारी ते मार्चमधल्या तारखांना म्हणून ५४२ च लावावे लागतात, आणि बरेच ऑनलाइन कन्व्हर्टर इथे गंडतात.

जपानमध्ये एकाच वर्षाला दोन नावं कशी?

सम्राट बदलला की त्या दिवसापासून साल १. २०१९ मध्ये ३० एप्रिलपर्यंत हेइसेइ ३१ होतं, १ मे पासून रेइवा १. एक सम्राट एक नाव हा नियम १८६८ पासूनचा, त्याआधी भूकंप झाला, साथ आली, शुभशकुन दिसला तरी नाव बदलायचे.

सगळ्यात भारी केस शोवा काळाची. तो २५ डिसेंबर १९२६ ला सुरू झाला, म्हणजे शोवा १ फक्त सात दिवसांचं, कारण १ जानेवारीला शोवा २. आणि संपला ७ जानेवारी १९८९ ला, म्हणजे शोवा ६४ पण सातच दिवसांचं. आकडा बघून ६४ वर्षं वाटतात, प्रत्यक्षात ६२ वर्षं आणि दोन आठवडे. आणि २०२५ म्हणजे शोवा १०० झालं असतं, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये शोवाचं साल दोनच अंकांत साठवलेलं असेल तर तिथे ९९ नंतर ०० येतं.

इसवी सन शून्य का नाही?

डायोनिसियसने मोजणी १ पासून धरली, आणि लॅटिनमध्ये गणित करणाऱ्यांकडे तेव्हा शून्याचा अंक नव्हता. इसवीसनपूर्व १ नंतर डायरेक्ट इसवी सन १. त्यामुळे इसवीसनपूर्व ५ ते इसवी सन ५ ही दहा नाही, नऊच वर्षं. खगोलवाल्यांना हे परवडत नाही, ते इसवीसनपूर्व १ ला शून्य म्हणतात, इसवीसनपूर्व २ ला उणे १. इसवीसनपूर्व ३१०२ म्हणजे त्यांचं उणे ३१०१. कुठल्या टेबलमध्ये उणे चिन्ह दिसलं तर एकचा फरक गृहीत धराच. एकविसावं शतक २००१ ला सुरू झालं तेही याचमुळे, पण लोकांनी सेलिब्रेट २००० लाच केलं, तीन शून्यांपुढे कोण ऐकतंय.

जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म १७३१ चा की १७३२ चा?

जन्म झाला तेव्हाच्या नोंदीप्रमाणे ११ फेब्रुवारी १७३१, आजच्या हिशोबाने २२ फेब्रुवारी १७३२. दिवस अकरा सरकले ते जुनं ज्युलियन कॅलेंडर सोडून ग्रेगोरियन घेतल्यामुळे, आणि साल बदललं ते वेगळ्याच कारणाने: इंग्लंडमध्ये आणि त्यांच्या वसाहतींत तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणजे ३१ डिसेंबर १७३१ नंतर १ जानेवारी १७३१ आणि मार्चच्या २५ ला १७३२. हे दुरुस्त करताना १७५१ हे वर्ष २८२ दिवसांतच संपवलं, आणि १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर आणला, ते वर्ष ३५५ दिवसांचं. स्पेन, इटलीवाल्यांनी तारखा १५८२ मध्येच बदललेल्या, ४ ऑक्टोबरनंतर १५. मधली १७० वर्षं दोन्हीकडची पत्रं जुळवताना दोन्ही तारखा लिहाव्या लागायच्या.

सरकारने हुकूम काढून अख्खं सालच बदललं असं कधी झालंय?

बऱ्याचदा. रशियात जगाच्या उत्पत्तीपासून मोजायचे, पीटर द ग्रेटने सांगितलं की ७२०८ च्या ३१ डिसेंबरनंतर १ जानेवारी १७०० लिहा. ७२०८ सप्टेंबरात सुरू झालेलं, चार महिन्यांत संपलं. फ्रेंच क्रांतीवाल्यांनी सप्टेंबर १७९२ पासून नवा सन सुरू केला, १८०६ च्या १ जानेवारीला गुंडाळला. इराणच्या शहाने १९७६ मध्ये प्राचीन इराणी सम्राट सायरसपासून मोजायचं ठरवलं आणि १३५४ नंतर एकदम २५३५ आलं. दोन वर्षांतच लोकांचा रोष बघून मागे घ्यावं लागलं, २५३७ चालू असतानाच परत १३५७.

सगळ्यात विचित्र गणना कुठली?

माझं मत ओडिशाच्या अंक वर्षाला. गजपती राजांच्या राज्यवर्षांची मोजणी, पण त्यात १ नाही, ६ ने संपणारे आकडे नाहीत, आणि शून्याने संपणारेही नाहीत, फक्त १० चालतो. २, ३, ४, ५, ७, ८, ९, १०, ११ असं जायचं आणि १५ नंतर १७. म्हणजे "अंक १७" लिहिलं असेल तर राज्याचं चौदावं वर्ष. हा नियम माहीत नसेल तर सगळी वंशावळ लांबते.

काही ठिकाणी सालाचे शेकडेच लिहीत नाहीत, मग ओळखायचं कसं?

काश्मीरच्या लौकिक म्हणजे सप्तर्षी संवतात तसं आहे, शंभर झाले की परत एक. कल्हणाने राजतरंगिणी या काश्मीरच्या इतिहासग्रंथात लौकिक २४ लिहिलं, पण शेजारी शके १०७० पण दिलं, म्हणून ते ११४८-४९ असं पक्कं सांगता येतं. हिब्रूमध्ये साल अक्षरांत लिहितात आणि हजारचा आकडा बहुतेक वेळा गाळतात, ५७८५ चं नुसतं ७८५. तिथे घोळ होत नाही, पुढचं हजार अजून लांब आहे.

इथिओपिया सात-आठ वर्षं "मागे" का?

मागे नाही, त्यांनी येशूच्या जन्माचं वर्ष वेगळ्या हिशोबाने काढलंय, अलेक्झांड्रियाच्या परंपरेतून. सप्टेंबर ते डिसेंबर फरक ७ चा, बाकी वर्षभर ८ चा. तेरा महिने, बारा तीस-तीस दिवसांचे आणि शेवटचा पाच किंवा सहा दिवसांचा. सन २००० त्यांनी १२ सप्टेंबर २००७ ला साजरं केलं.

मग २०१२ चं माया कॅलेंडर? ते तर संपणार होतं ना?

माया लोकांची लांब मोजणी दिवसांची आहे, वर्षांची नाही, आणि पाच खान्यांत लिहितात. २१ डिसेंबर २०१२ ला ती १३.०.०.०.० झाली, दुसऱ्या दिवशी १३.०.०.०.१, म्हणजे संपलं काहीच नाही, मोजणी पुढे चालू.